'सेमियन' म्हणजे कुठलं, आणि 'सिजिलाटा' म्हणजे शिक्का का?

प्रश्न असा आलाय: लंडनच्या म्युझियममध्ये लाल चकचकीत वाडग्याखाली 'सेमियन वेअर, साउथ गॉल' लिहिलं होतं आणि माहितीपुस्तिकेत त्याच भांड्याला 'टेरा सिजिलाटा' म्हटलंय, मग हे ग्रीसच्या सामोस बेटाचं की फ्रान्सचं, आणि मराठीत 'शिक्का मारलेली माती' लिहिलं तर चालेल का?

आधी सेमियन. सामोसचा या भांड्यांशी काहीएक संबंध नाही. प्लिनी नावाचा रोमन लेखक, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की जेवणाच्या भांड्यांसाठी सामोसचं नाव अजून घेतात. मग शेकडो वर्षांनी इंग्लंडमध्ये शेतं नांगरताना, पाया खणताना ही लाल खापरं निघायला लागली तेव्हा तिथल्या जुन्या हौशी अभ्यासकांनी प्लिनीतला शब्द उचलला आणि चिकटवून दिला, तो आजतागायत सुटलेला नाही. भांडी खरी गॉलची, म्हणजे आजच्या फ्रान्सची. पहिल्या शतकातली ब्रिटनमधली बहुतेक दक्षिणेतल्या मियो गावाजवळच्या ला ग्रोफसेंकची, नंतरच्या काळातली मध्य फ्रान्समधल्या लेझूची.

आता सिजिलाटा. लॅटिनमध्ये सिग्नम म्हणजे खूण, त्याचं लहान रूप सिजिलम, म्हणजे छोटी आकृती आणि शिक्कासुद्धा. आपल्या 'मुद्रा'चं बघा ना, शिक्काही मुद्राच आणि चेहऱ्यावरचा भावही मुद्राच. जुन्या लॅटिनमध्ये भांडं 'सिजिलाटुम' म्हणजे ज्यावर बारीक आकृत्या उठवल्यात असं, रोमन वक्ता सिसेरोने चांदीच्या पेल्यांबद्दल हा शब्द असाच वापरलाय. त्यामुळे 'शिक्का मारलेली' घेतलंत तर वाचकाला वाटणार की कुंभाराच्या नावाच्या ठशावरून हे नाव पडलं. ठसा असतो, साध्या ताटावाडग्यांवर तर आतल्या बाजूला बरोबर मधोमध, म्हणजे जेवून झालं की दिसेल असा! 'ऑफ प्रिमी' असलं काहीतरी, 'ऑफ' म्हणजे ऑफिकिना, प्रिमुसचा कारखाना. पण कुठलंही भांडं घ्या, ठसा असो नसो, नक्षी असो नसो, त्याला सिजिलाटाच म्हणतात. आणि रोमन लोक स्वतः या भांड्यांना असं म्हणत नसत, हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिलेलं. त्याआधी युरोपात टेरा सिजिलाटा म्हणजे औषधी मातीच्या, शिक्का उठवलेल्या वड्या, त्या ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून यायच्या. तिथे मात्र तुमचं 'शिक्का मारलेली माती' अगदी चपखल बसतं.

मला स्वतःला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो म्हणजे बनवणाऱ्यांचे स्वतःचे शब्द आपल्याकडे आहेत. ला ग्रोफसेंकला एका भट्टीत बऱ्याच कुंभारांचा माल एकत्र भाजायचे, कधी कधी एकाच आव्यात ३०,००० च्या आसपास नग, मग कुणाचं काय आणि किती याचा हिशोब ताटावरच कोरून ठेवायचे. अशी शंभराहून जास्त ताटं-खापरं सापडलीत, लिपी रोमन आणि भाषा गॉलिश (म्हणजे गॉलची मूळ भाषा) आणि लॅटिनची सरमिसळ. वरती 'तुथोस' असा शब्द येतो, तो आपल्या 'आवा' शब्दाच्या जवळचा, आणि पुढे आव्याचा नंबर. ते नंबर मोठ्याने वाचून बघा: त्रितोस, पेतुआरिओस, पिंपेतोस, ओक्स्तुमेतोस, देकामेतोस. तृतीय, चतुर्थ, पंचम, अष्टम, दशम! एकाच मूळ भाषेतून आलेले सख्खे शब्द, फक्त आपल्याकडे जिथे 'च' झाला तिथे गॉलिशमध्ये 'प' झाला म्हणून चतुर्थचं पेतुआरिओस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. दुसऱ्याला ते 'अल्लोस' म्हणायचे, शब्दशः 'इतर'.

अजून एक, पुस्तिकेचं भाषांतर करताना याला 'चिनी माती' लिहू नका आणि शक्यतो 'झिलई'ही नको. झिलई म्हटलं की काचेसारखा थर डोळ्यासमोर येतो, इथे तसं नाही, अगदी बारीक गाळलेल्या मातीचं पातळ पाणी, त्यात भांडं बुडवून भरपूर हवेत भाजलं की तोच थर लालबुंद चकाकतो. म्हणून 'लेप'.

आणि इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्य यायच्या आधीही गॉलची भांडी ब्रिटनमध्ये पोचत होतीच, कोलचेस्टरला, सेंट ऑल्बन्सच्या थडग्यांमध्ये. ती उत्तर गॉलची, त्यांना टेरा रुब्रा आणि टेरा निग्रा म्हणतात, लाल माती आणि काळी माती. पण प्रत्येक काळं खापर निग्रा समजू नका, कारण इ.स. ६०-६१ च्या ब्रिटनमधल्या बुडिका राणीच्या रोमनांविरुद्धच्या बंडात कोलचेस्टर जळलं तेव्हा तिथल्या दुकानातली लाल सेमियन भांडीही काळी पडली, ती तशीच सापडलीत.

तेव्हा माझं मत, लेबलचं भाषांतर असेल तर 'सेमियन' तसंच ठेवा कारण म्युझियममध्ये लोक तोच शब्द शोधणार, पण पहिल्यांदा येईल तिथे 'गॉलमधली लाल लेपाची भांडी' एवढं जोडा. सिजिलाटाचा अर्थ द्यायचाच असेल तर 'उठावाच्या नक्षीची', मुद्रांकित नको.