ग्रस्त, बाधित की पीडित?

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: पुढे सरकारी नोकरीत मदत व पुनर्वसनाचं काम करायचंय, अहवाल मराठीत लिहावे लागतील. तर लोकांना 'आपद्ग्रस्त' म्हणायचं, 'बाधित' की 'पीडित'?

'ग्रस्' म्हणजे गिळणं. आपला 'घास' त्याच 'ग्रासा'तून आला. पंचांगात 'ग्रस्तोदित' ग्रहण असतं, म्हणजे चंद्र किंवा सूर्य गिळलेल्या अवस्थेतच उगवतो. जुलै 2021मध्ये महाडजवळच्या तळीयेत ज्यांची घरं डोंगराखाली गेली, त्यांना 'दरडग्रस्त'च म्हणायला हवं. त्याहून हलका शब्द तिथे अन्याय करील.

'बाधित' सौम्य. ऊन बाधतं, शिळं अन्न बाधतं, आणि बहुतेकदा माणूस दोन दिवसांनी उठतो. (विषबाधेत जीवही जातो, हे मान्य.) 'करोनाबाधित' रुळला, कारण त्यात बरं होण्याला जागा होती. 26 जुलै 2005च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंद झाली. त्या दिवशी ज्याच्या घरात घोटाभर पाणी येऊन ओसरलं तो बाधित. मिठी नदीकाठी ज्याचं खोपटंच गेलं तो पूरग्रस्त. पंचनाम्यात हा फरक जरूर राखा.

'पीडित' मात्र मी टाळीन. 'पिळणे' हे क्रियापद त्याच 'पीड्' धातूचं, आणि पिळायला कुणीतरी लागतं. अत्याचारपीडित ठीक, 'पूरपीडित' कानाला हिंदी वाटतो.

लेखनाचं एक: 'आपत्ती' सुटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व, म्हणून 'आपत्तिग्रस्त'. 'आपद्ग्रस्त'मधला पाय मोडलेला द् विसरू नका.

मला खरी काळजी वाटते ती 'ग्रस्त' माणसाला चिकटून राहतो याची. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993चा, तरी नोकरभरतीच्या अर्जांत 'भूकंपग्रस्त' हा रकाना अजून दिसतो. हक्क मिळवून देण्यासाठी तो हवाच. पण समोर बसलेल्या बाईला त्या नावाने हाक मारू नका. कुर्ल्यात, कलिन्यात कुणी स्वतःला पूरग्रस्त म्हणत नाही. "आमच्याकडे पाणी भरलं होतं" म्हणतात. जबाब घेताना हेच वाक्य उतरवा. 'सदर अर्जदार पूरग्रस्त असून' असं केलंत, की पाणी कुठून शिरलं, किती वाजता, आधी काय उचललं, हे सांगायचं ती थांबते.