कृषी सल्ला: कोचीन कोंबड्यांचा रंग सुधारताना

सोलापूर जिल्ह्यातल्या कोचीन (भरघोस पिसांची वजनदार कोंबडीची जात) पाळणाऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक रंगाचे आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोंबडीच्या अंगावर दिसणारा रंग आणि ती पिल्लांना देणारा रंग एकच असेल असे नाही. खालच्या निम्म्याहून अधिक अडचणी इथूनच सुरू होतात.

प्रश्न (मोहोळ): साहेब, निळ्या कोचीनची जोडी चांगला भाव देऊन घेतली. पिल्लं निघाली तर काही निळी, काही काळी आणि काही पांढरट अंगावर ठिपके असलेली. विकणाऱ्याने फसवलं का?

फसवलेले नाही. निळ्या जोडीची पिल्ले अशीच निघतात. निळा रंग म्हणजे काळ्या रंगावर निळ्या जनुकाची एक मात्रा. ही मात्रा आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आली तर पिल्लू निळे होते. दोघांकडून आली तर रंग आणखी फिका पडून ठिपक्यांचे पिल्लू होते, त्यालाच बाजारात स्प्लॅश म्हणतात. कोणाकडूनच आली नाही तर पिल्लू काळे. त्यामुळे निळा × निळा जुगवल्यास 100 पिल्लांमागे सरासरी 50 निळी, 25 काळी आणि 25 स्प्लॅश मिळतात. दहा-बारा पिल्लांच्या एका खेपेत हे प्रमाण हुकते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

निळा रंग कितीही पिढ्या निवडला तरी पक्का होत नाही. सगळी पिल्ले निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावा. कोंबडा कोणता आणि कोंबडी कोणती याने फरक पडत नाही. म्हणून स्प्लॅश पिल्ले कवडीमोलाने विकून टाकू नका. भरदार अंगाचा, पायाच्या मधल्या बोटापर्यंत पीस असलेला स्प्लॅश कोंबडा हा निळ्या कळपाचा पाया आहे.

चांगल्या निळ्यात प्रत्येक पिसाला गडद किनार असते. निळ्याला निळाच लावत राहिल्याने ही किनार पुसट होऊ लागली, तर एक पिढी चांगल्या काळ्याकडे वळा. काळा निवडताना उन्हात हिरवी चमक दिसली पाहिजे. जांभळट झाक असलेला टाळा. कोंबड्याच्या मानेत किंवा पाठीवर सोनेरी पीस डोकावत असेल तर तो जोडीला घेऊ नका, तेच सोनेरी पीस पुढे निळ्या नरांच्या मानेत उतरते. कोंबडीत हा दोष बहुधा झाकलेला राहतो. त्यामुळे तलंग (तरुण कोंबडी) निवडताना तिचे भाऊ पाहा.

प्रश्न (पंढरपूर): लॅव्हेंडर कोंबडा आहे, त्याला निळ्या तलंगा लावल्या. एकही पिल्लू लॅव्हेंडर का नाही?

दोन्ही रंग राखाडी दिसतात, पण त्यांची जनुके पूर्ण वेगळी आहेत. लॅव्हेंडर अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आल्याशिवाय तो दिसत नाही. तुमच्या जोडीतून सुमारे निम्मी पिल्ले निळी आणि निम्मी काळी निघाली असतील आणि प्रत्येकाच्या पोटात लॅव्हेंडर लपलेला आहे. ही पिल्ले आपसात जुगवली तर पुढच्या पिढीत निळे, काळे, लॅव्हेंडर आणि निळ्यावर लॅव्हेंडर असे फिके पक्षी एकत्र येतील, मग काय काय आहे ते ओळखणे कठीण. हे दोन रंग एका वाड्यात ठेवूच नयेत. ओळख सोपी आहे: निळ्याच्या पिसाला गडद किनार असते आणि डोके-मान अंगापेक्षा गडद असते, तर लॅव्हेंडर सगळीकडे एकसारखा फिका असतो.

लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावत राहिल्यास पिसे विरळ आणि फाटकी येतात, विशेषतः शेपटीची. कोचीनचे सगळे सौंदर्य पिसात असल्याने हा दोष इथे जास्त जाणवतो. उपाय म्हणजे दर दोन-तीन पिढ्यांनी उत्तम काळ्याशी संकर. पहिल्या पिढीची सगळी पिल्ले काळी दिसतील. त्यांतली भरघोस पिसाची निवडून परत लॅव्हेंडरला लावा, निम्मी लॅव्हेंडर मिळतील.

बाहेरून आणलेल्या काळ्या कोंबड्यात लॅव्हेंडर लपला आहे का हे तपासायचे असेल तर तो लॅव्हेंडर कोंबड्यांना लावा. एक पिल्लू जरी लॅव्हेंडर निघाले तर शंका मिटली. सलग 7 पिल्ले काळी निघाली तर तो शुद्ध काळा असल्याची खात्री 99 टक्क्यांच्या वर जाते. लॅव्हेंडर कोंबडी नसेल आणि लॅव्हेंडर लपलेली काळी कोंबडी वापरावी लागली, तर तेवढ्याच खात्रीसाठी 16-17 पिल्ले पाहावी लागतात.

प्रश्न (बार्शी): बफ (सोनेरी-पिवळ्या) कोचीनचा रंग वर्षागणिक फिका आणि चट्ट्याचट्ट्याचा होतोय. खाद्यात हळद आणि झेंडूच्या पाकळ्या दिल्या, मकाही वाढवला. फरक नाही.

पडणारही नाही. झेंडू आणि पिवळ्या मक्यातले पिवळे द्रव्य अंड्याच्या बलकात, पायाच्या नळीत आणि चोचीत उतरते. बफ पिसाचा रंग वेगळ्या रंगद्रव्याचा आहे, ते पक्षी स्वतः पिसाच्या मुळाशी तयार करतो. त्यामुळे बफ सुधारतो तो निवडीने आणि सावलीने.

सावलीचे आधी पाहू. पीस एकदा पूर्ण वाढले की ते मृत असते, उन्हाने विटलेला रंग पुढच्या पीसझडीपर्यंत परत येत नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मोकळे सोडलेले बफ पक्षी पाठीवर फिके आणि पोटाखाली गडद दिसतात, तेच तुमचे चट्टे असू शकतात. पंख उघडून आत झाकली राहणारी पिसे पाहा. ती एकसारखी आणि गडद असतील तर दोष उन्हाचा, रक्ताचा नाही. असे पक्षी काढून टाकू नका. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर सोडा, मधल्या वेळात 75 टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा. निवड करायची ती पीसझड संपून नवे पीस पूर्ण आल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरात.

निवड करताना पक्षी सावलीतल्या भरपूर उजेडात धरा. पाठीवरचे पीस फुंकर मारून बाजूला करा: आतला कापूस कातडीपर्यंत बफ हवा. तो पांढरा पडला असेल तर पुढच्या पिढीत वरचा रंगही पातळ होतो. पंख पूर्ण ताणून मोठी पिसे एकेक पाहा. तिथे काळे शिंतोडे असतील किंवा पांढरा असेल तर नोंद करा. दोन्ही दोषच आहेत, पण निवड करावीच लागली तर शेपटीत थोडे काळे असलेला पक्षी मी ठेवीन आणि पंखात पांढरे असलेला काढीन, कारण पांढरा घालवायला जास्त पिढ्या लागतात.

जोडी लावताना कोंबड्याच्या छातीची छटा कोंबडीच्या अंगाच्या छटेशी जुळवा. मान आणि पाठ नरात चकचकीत असते, तिच्यावरून जुळवल्यास फसगत होते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फिक्या कोंबड्यांना “दुरुस्त” करायला अतिगडद, तांबूस कोंबडा आणणे. मधली छटा मिळत नाही, ठिगळे पडलेली पिल्ले मिळतात. एका वेळी अर्ध्या छटेएवढाच फरक ठेवा. बफमध्ये काळ्याचे किंवा पांढऱ्याचे रक्त तर अजिबात मिसळू नका, ते निस्तरायला वर्षे जातात.

प्रश्न (सांगोला): पांढऱ्या कोचीनला पिवळट झाक येते.

कारणे दोन: ऊन आणि पिवळा मका. उन्हाचा उपाय वर दिला आहे. खाद्यात पीस येण्याच्या काळात निम्म्या मक्याऐवजी भरडलेली पांढरी ज्वारी द्या. आपल्याकडची मालदांडी चालते. मात्र ज्वारीत जीवनसत्त्व ‘अ’ची पूर्वद्रव्ये नगण्य असतात. त्यामुळे जीवनसत्त्वांचे मिश्रण वेळच्या वेळी द्या, नाहीतर रंग सुधारेल पण पिल्ले कमकुवत निघतील. भिजलेली, काळी बुरशी आलेली ज्वारी कधीच देऊ नका.

पांढऱ्याखाली कोणताही रंग लपलेला असू शकतो. म्हणून रंगीत कळपात तो “रंग उजळेल” म्हणून वापरू नये.

प्रश्न (अक्कलकोट): काळ्या जोडीच्या पिल्लांच्या पोटावर आणि पंखात पांढरे आहे. काढून टाकू का?

थांबा. काळ्या जातींची पिल्ले पोटाला आणि पंखाच्या टोकाला पिवळट-पांढरी असणे नैसर्गिक आहे. पिलावस्थेतली पंखाची पहिली पिसेही काही वेळा पांढरी येतात आणि नंतर काळी होतात. वाढीच्या काळात प्रथिने, विशेषतः लायसिन, कमी पडले तरी पिसात पांढरे येऊ शकते. नुसता मक्याचा भरडा आणि घरचे उरलेसुरले देणाऱ्यांनी आधी खाद्य सुधारावे: पहिले 8 आठवडे 20 टक्के प्रथिनांचे चिक स्टार्टर, त्यानंतर 16 टक्क्यांचे ग्रोअर. सात-आठ महिन्यांचे पूर्ण पीस आल्यावरही पांढरे उरले तर मात्र तो पक्षी पैदाशीला ठेवू नका.

प्रश्न (माढा): एकाच कोंबड्यावर किती वर्षे चालवायचे? नात्यातली जोडी कधी बाधते?

सख्ख्या भावंडांच्या एकाच जोडीतून निघालेल्या पिल्लांत नातेजुळणीचे प्रमाण 25 टक्के होते. अंडी कमी फळतात, पिल्ले अंड्यातच मरतात. ते टाळायला तीन वाडे करा: अ, ब, क. प्रत्येकात एक कोंबडा आणि 4 ते 6 कोंबड्या. दरवर्षी अ वाड्यातला निवडलेला तरुण नर ब मध्ये, ब चा क मध्ये आणि क चा अ मध्ये. तलंगा मात्र आपापल्या आईच्या वाड्यातच ठेवा. अशाने बाहेरून पक्षी न आणता बरीच वर्षे निघतात. नर बदलल्यावर 3 आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, जुन्या नराचे बीज कोंबडीत तेवढे दिवस टिकू शकते.

यासाठी पिल्लू कोणत्या वाड्याचे ते कळायला हवे. कोचीनच्या पायात रिंग घालणे धोक्याचे: पायाच्या पिसात ती दिसत नाही आणि वाढत्या पायात रुतते. पिल्लू वाळल्याबरोबर बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडा. दोन पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे 16 वेगळ्या खुणा होतात. नंतर पंखाला पट्टी लावा. वहीत वाडा, तारीख, पहिल्या दिवसाचा रंग, आठ महिन्यांचा रंग आणि दोष एवढेच लिहिले तरी पुरते.

प्रश्न (करमाळा): एक दिवसाच्या पिल्लाचे नर-मादी रंगावरून कळेल का?

काही जोड्यांत कळते. काळा कोंबडा × पट्टेदार (बार्ड) कोंबडी: नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, मादी पूर्ण काळी. उलट जोडीत हे चालत नाही. ही पिल्ले पुढे रंगाच्या पैदाशीला वापरू नका.

प्रश्न (मंगळवेढा): निवड चांगली केली, पण अंडी फळत नाहीत.

कोचीन 1840 च्या दशकात चीनमधून इंग्लंड-अमेरिकेत गेली आणि तिथल्या थंडीत भरघोस पिसासाठी निवडली गेली. पूर्ण वाढलेला नर 5 किलोपर्यंत, कोंबडी पावणेचार किलोच्या आसपास. असा पक्षी 32 अंशांपुढे धापा टाकू लागतो आणि जुगत नाही. सोलापुरात पैदाशीचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच धरा.

हंगामातही फळत नसतील तर नर आणि मादी दोघांच्या गुदद्वाराभोवतीची पिसे कात्रीने बोटभर रुंदीत कापा. तिथली दाट पिसे हे कोचीनमध्ये न फळण्याचे नेहमीचे कारण आहे. अंडी 7 दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, निमुळते टोक खाली ठेवा. यंत्रात 37.5 अंश, पहिले 18 दिवस 50-55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65-70 टक्के आर्द्रता ठेवा. आपल्या कोरड्या हवेत पाण्याची ताटली रोज तपासावी लागते. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडी पाहून न फळलेली काढून टाका. खुडूक कोचीनखाली ठेवायची असतील तर 10-12 पुरेत आणि खोपा जमिनीलगत करा, वजनदार कोंबडी उंचावरून उतरली की अंडी फुटतात.

खाली गादीला साळीचे तूस किंवा कोरडा लाकडाचा भुसा घाला. साखर कारखान्याची बगॅस (उसाचा चोथा) ओली राहिली की बुरशी धरते आणि पिल्लांच्या फुप्फुसात जाते. पायाच्या पिसात विष्ठेचे गोळे झाले असतील तर कोमट पाण्यात भिजवून सोडवा, ओढू नका. नळीवरचे खवले उचलले गेले असतील तर ती खरूज आहे: आठवड्यातून दोनदा पूर्ण नळीला खोबरेल तेल चोळा. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर पक्षी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि तोवर त्याला वेगळा ठेवा.