रस्ता, स्त्राता आणि फरसबंदी

प्रश्न असा: "रोमबाहेर जुना रोमन रस्ता, व्हिया अप्पिया, पाहिला. गाइड म्हणाला, लॅटिन 'व्हिया स्त्राता'वरून इंग्रजीत 'स्ट्रीट' आला. मग आपला 'रस्ता'ही 'स्त्राता'च ना? आणि असल्या रस्त्याला मराठीत राजमार्ग म्हणावं का?"

नाही आणि नाही. अक्षरं उलटसुलट करून 'स्त्राता'तून 'रस्ता' काढायचा खेळ मी वर्षातून चारदा तरी ऐकतो. संस्कृत 'रथ्या'वरून (रथाची वाट) ओढून आणणारे शुद्धिवादी वेगळेच. रस्ता फारसी. आपले कोश कंसात 'फा.' लिहून हात झटकतात, पण मजा तर तिथूनच सुरू होते. माझ्या मते त्याचं मूळ 'रास्त', म्हणजे सरळ. रेशनच्या दुकानावर 'रास्त भाव' लिहिलेलं असतं, तोच हा. संस्कृत 'ऋजु' आणि लॅटिन 'रेक्तुस' याच कुळातले. पुण्यातली पेठही सरदार रास्त्यांची, म्हणून रास्ते पेठ. ते मूळचे गोखले, सचोटीमुळे 'रास्ते' झाले असं सांगतात. म्हणजे 'रास्ता पेठ' म्हणणारे चुकतात, पण घरातल्या घरातच.

आता स्त्राता. 'स्तेर्नेरे' म्हणजे अंथरणं. 'व्हिया स्त्राता' म्हणजे दगड अंथरलेली वाट. त्याचे भाऊबंद आपल्याकडे आहेत, पण रस्त्यावर नाहीत: विस्तार, स्तर आणि कोटाचं अस्तरसुद्धा (हे फारसीतून फिरून आलं). अरबी 'सिरात' (वाट) हाही या स्त्रातातूनच आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

याच अप्पियावर, चेचिलिया मेतेल्ला या रोमन बाईच्या थडग्यापुढे गेलात तर अंथरणं म्हणजे काय ते पायाला कळतं. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे मोठाले चिरे, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, तरी कडेला कडा भिडवलेली. मध्ये गाड्यांच्या चाकांनी घासून पडलेले लांब चर. यालाच म्हणतात चाकोरी. आपण मात्र ती फक्त नोकरीच्या संदर्भात वापरतो.

राजमार्ग तर मुळीच नको. अप्पिउस क्लाउदिउस या रोमन अधिकाऱ्यानं इ.स.पू. 312 मध्ये हे काम काढलं तेव्हा रोमनांनी राजे हाकलून जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती. राजा नाही, तर राजमार्ग कुणाचा? आणि 'प्राचीन महामार्ग' लिहिणाऱ्यांना टोलनाकाही दिसत असावा.

मग म्हणायचं काय? फरसबंदी रस्ता. फरशी आली अरबी 'फर्श'वरून, आणि त्या धातूचा अर्थ काय? अंथरणं! शब्दांचं नातं काडीचं नाही, पण अर्थ तोच. वर 'रस्ता' म्हणजे सरळ, आणि रोमच्या दक्षिणेला, तेर्राचिना गावाच्या अलीकडे दलदलीतून ही अप्पिया सुमारे 40 किलोमीटर फूटपट्टीनं आखल्यासारखी जाते. गाइडला हे सांगायला हवं होतं.