गटातल्या गप्पांवर पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

सोलापूर, रविवार

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. ‘समाजमाध्यमांचा सोलापूरच्या मराठीवर झालेला परिणाम’ हा विषय आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत) मंजूर होईल, त्याची काळजी करू नकोस. असले विषय मंजूर होतातच. पाचशे जणांची प्रश्नावली, टक्केवारी, रंगीत गोल आलेख आणि शेवटी ‘भाषेची मोडतोड होत असली तरी आशेला जागा आहे’ असा निष्कर्ष. हे सगळं एकही संदेश न वाचता लिहिता येतं, आणि माझी हरकत तेवढ्याचसाठी आहे.

परिणाम झाला म्हणायचं तर आधी काय होतं ते दाखवावं लागतं. आपल्या गावात तिथंच पंचाईत होते. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडं निघालं की कन्नड, मोहल्ल्यांत दखनी आणि बाजारात सगळ्यांची मराठी, हे मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तुझ्याच घरात आजी तेलुगूत रागावते आणि तू मराठीत उलट बोलतेस. ही सरमिसळ फोनच्या नावावर कशी घालणार? गंपर्झ आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांचा कुपवाडवरचा लेख मिळवून वाच. सांगली जिल्ह्यातलं तेव्हाचं हे गाव, लेख १९७१ चा. तिथं कन्नड, मराठी आणि उर्दू या भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदून वाक्यरचनेत इतक्या जवळ आल्या होत्या की शब्दाला शब्द ठेवून एकीतलं वाक्य दुसरीत नेता यायचं. शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळे राहिले. हे वाचल्यावर ‘सरमिसळ म्हणजे ऱ्हास’ हे वाक्य तुझ्या हातून पुन्हा लिहून होणार नाही. (आणि सोलापूरवर लिहितेस म्हणून भाषेचा ताणाबाणा, धागे, वीण हे प्रकरण कृपा करून काढू नकोस. चादरीचं नाव निघालं की आपल्याकडं लेखणीला आवर राहत नाही.)

मग विचारायचं काय? जे कट्ट्यावर होत नाही आणि व्हॉट्सॲपच्या गटावर होतं, ते विचार.

एक नमुना देतो. खरा संवाद छापायला परवानगी लागते, म्हणून जुळवून सांगतो, पण असं आमच्या गल्लीत नेहमी चालतं. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पाण्याची पाळी ही गटावरची सर्वांत मोठी बातमी. पहाटे पाचला एक निवृत्त गृहस्थ देवनागरीत टाकतात, ‘पाणी सोडण्यात आले आहे.’ दुसरा रोमन अक्षरांत विचारतो, ‘आमच्याकडं कुठं आलंय बे?’ मग एका बाईचा आवाजी संदेश, तेलुगूत: ‘नीळ्ळु रालेदु’, पाणी आलं नाही. शेवटी कुणीतरी काकुळतीला येऊन, ‘मोटारी बंद करा की ओ.’

यावर किती लिहिता येईल बघ. पहिल्या गृहस्थांनी नळ सोडलेला नाही, पण ‘सोडण्यात आले आहे’ म्हटल्यावर ते महापालिकेच्या वतीनं बोलू लागले. ‘बे’ बरोबरीच्याला उद्देशून आहे, मग तो गृहस्थांना कसा चालला? की तो त्यांना नव्हताच, दुसऱ्या कुणाला होता? बाई तेलुगूत बोलली ती फक्त तिच्या जावेसाठी, पण ऐकलं सगळ्यांनी, आणि तिला ते ठाऊक होतं. ‘की ओ’मध्ये मान आहे, विनवणी आहे आणि थोडा राग. पाचशे जणांची प्रश्नावली यातलं काहीही पकडणार नाही. ‘आपण भाषा मिसळता का?’ असं विचारलंस तर ‘छे, मी शुद्ध मराठी बोलतो’ असंच उत्तर येईल.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपली बोली सामान्य माणसाच्या हातून रोजच्या रोज लिहिली जाणं हे नवं आहे. ‘काय करतोयस’ला आपण जे म्हणतो ते शाळेच्या वहीत कधी चाललं नाही. गटावर ते कुणी ‘करलालास’ लिहितं, कुणी ‘करूलालास’, कुणी ‘करालालास’. कुणी नियम शिकवलेला नाही, त्यामुळं जो तो आपल्या कानाला विचारून लिहितो. कोण कसं लिहितं, तोच माणूस नेहमी तसंच लिहितो का, त्याचं गाव आणि घरची भाषा कोणती, एवढं नीट मांडलंस तरी एक प्रकरण उभं राहील.

मात्र इथं एक फसगत आहे. देवनागरी कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो. बोलताना ‘हाय’ म्हणणारा माणूस फोनवर ‘आहे’ लिहितो, तेव्हा तो प्रमाण भाषेकडं वळला की अंगठा सुचवलेल्या शब्दावर पडला? हे फाईल बघून कळत नाही, त्या माणसाशेजारी बसून बघावं लागतं. तसंच वर्षभर रोमनमध्ये चेष्टा करणारा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ देवनागरीत टाकतो. भाषाशास्त्रज्ञ फर्ग्युसननं १९५९ मध्ये एकाच भाषेच्या वरच्या आणि खालच्या रूपांबद्दल जे मांडलं, ते इथं लिपीच्या निवडीत दिसतंय असं म्हणायचा मोह होईल. म्हण, पण ती श्रद्धांजली टाईप केलेली आहे की वरच्याची उचलून चिकटवलेली, ते आधी तपास. रोमनमधल्या मजकुराचं लिप्यंतर करतानाही जपून. के, ए, एल ही तीन अक्षरं ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ यांतलं काहीही असू शकतात. कशावरून ठरवलंस ते दर वेळी नोंदव.

आता सामग्रीबद्दल. व्हॉट्सॲपमधून गप्पांची फाईल काढतेस तेव्हा ‘मीडियाशिवाय’ हा सोपा पर्याय घेऊ नकोस. त्यात आवाजी संदेश गळतात. ते पाठवतं कोण? ज्याला टाईप करायचा कंटाळा तो, ज्याला लिहिता येत नाही तो, आणि जिचे दोन्ही हात विड्या वळण्यात गुंतलेत ती. म्हणजे एका बटणानं तू गल्लीतल्या निम्म्या बायका प्रबंधातून बाहेर काढशील आणि पुढं ‘स्त्रियांचा सहभाग कमी आढळला’ असं लिहून मोकळी होशील. शिवाय मजकुराच्या फाईलीत कोणता संदेश कुणाला उत्तर म्हणून आला ते येत नाही, संदेशावर उमटवलेले अंगठे आणि हसरे चेहरेही येत नाहीत. म्हणून फाईल आणि फोन दोन्ही समोर ठेवून काम कर.

परवानगी ॲडमिनची घेतली म्हणजे झालं, असं आराखड्यात लिहिलंयस. ते खोड. बोलणं ज्याचं, परवानगी त्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला अटींसह सवलत आहे, पण ती सवलत शेजारणीला सांगून भागत नाही. एखाद्यानं नको म्हटलं तर त्याचे सगळे संदेश काढ. मग त्याला आलेली उत्तरं अधांतरी राहतील. राहू देत, तिथं टीप टाक. नावं आणि नंबर पहिल्याच दिवशी काढून खुणा घाल.

भाषाशास्त्रज्ञ लेबोव्हनं १९७२ मध्ये म्हटलं होतं की आपण बघत नसताना लोक कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला बघावंच लागतं. तू गटावर ‘मी अभ्यास करतेय’ म्हणालीस की दुसऱ्या दिवसापासून सगळे पुस्तकी बोलू लागतील. त्यावर तुझ्यापुढं एक वाट आहे, लेबोव्हला ती नव्हती: पुढच्या संदेशांसाठी नको, मागच्यांसाठी परवानगी माग. मार्कंडेय रथोत्सवाचा गेल्या नारळी पौर्णिमेचा आठवडा घे. त्या दिवसांत तुमच्याकडचे गट ओसंडून वाहतात, वर्गणीपासून वाहतुकीपर्यंत सगळं त्यात येतं. एक गट, एक आठवडा. पीएच.डी.ला पुरेल का, असं तुझे गाईड विचारतील. आवाजी संदेशांसकट नीट उतरवायला घेतलंस की पुरून उरेल.

प्रबंध मराठीत की इंग्रजीत, हे तुमच्या विभागाच्या रीतीप्रमाणं ठरव. उदाहरणं मात्र जशी टाईप झाली तशीच, चुकांसकट छापायची. त्यासाठी डीटीपीवाल्याला सांभाळ. आपल्याकडचे बहुतेक जण सवयीनं ऱ्हस्वदीर्घ सुधारतात, आणि ‘करलालास’चं ‘करतोयस’ करून वर ‘ताई, चूक होती, नीट केली’ असंही सांगतात. उदाहरणांची पानं वेगळी दे, माथ्यावर लाल शाईत ‘दुरुस्त करू नये’ लिही, आणि पहिलं प्रूफ मूळ फाईल शेजारी ठेवून स्वतः वाच.