बेस एका राज्यात, घर दुसऱ्या: अमेरिकेतल्या वैमानिकांचे कर-प्रश्न

प्रश्न : मी ऑस्टिनला राहतो, बेस (जिथून माझी ड्यूटी सुरू होते ते विमानतळ) लॉस एंजेलिस. टेक्सासमध्ये आयकर नाही; पण कॅलिफोर्निया माझ्या पगारावर हक्क सांगेल का?

नाही. भारतात पगारावरचा आयकर केंद्राचा. अमेरिकेत बहुतेक राज्यंही आपापला आयकर घेतात. विमानावर काम करणाऱ्यांना मात्र संघीय कायद्याच्या कलम ४०११६ चं संरक्षण आहे. दोन किंवा अधिक राज्यांत नियमित ड्यूटी असेल, तर दोनच राज्यं कर लावू शकतात: तुम्ही राहता ते, आणि निम्म्याहून जास्त पगार जिथे कमावला ते. ही कमाई वर्षभरातल्या नियोजित उड्डाणवेळेवरून मोजतात. लॉस एंजेलिस–न्यूयॉर्क उड्डाणात कॅलिफोर्नियाचा वाटा किती थोडा, हे तुम्ही जाणताच. तरीही तिथला कर कापला गेला असेल, तर अनिवासी म्हणून विवरणपत्र भरून परतावा मागा आणि पेरोलमधला पत्ता तपासा.

प्रश्न : घर न्यू जर्सीत, बेस टेक्सासमधलं डॅलस. म्हणजे राज्याच्या करातून सुटलो ना?

नाही. न्यू जर्सी पूर्ण पगारावर कर घेईल.

प्रश्न : बायको-मुलं न्यूयॉर्कच्या घरी. मी आयकर नसलेल्या फ्लोरिडात, मित्राच्या पत्त्यावर ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आहे. एवढं पुरेल?

कृपा करून यावर विसंबू नका. क्रू-रूममध्ये हा सल्ला सर्रास मिळतो, आणि नोटीस आली की भोगावं लागतं ते घरच्यांना. लायसन्स, मतदार नोंदणी हे पुरावे आहेतच. पण कुटुंब कुठे राहतं, मुलांची शाळा कुठे, सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे परतता, हेही पाहतात. मुक्काम बदलला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. शिवाय न्यूयॉर्कमध्ये कायमचं घर असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे असाल, तर तुम्ही रहिवासीच ठरू शकता. दिवसाचा काही भागही सहसा पूर्ण दिवस धरतात. खरोखर फ्लोरिडाला जायचं असेल तर सहकुटुंब जा.

प्रश्न : घर आयकर नसलेल्या नेवाडात, पण मी फक्त हवाईच्या बेटांमध्येच उड्डाणं करते. मलाही संरक्षण?

नाही. तुमची सगळी ड्यूटी एकाच राज्यात आहे, त्यामुळे हवाईचा कर लागेल.

प्रश्न : निवृत्तीनंतर टेनेसीला स्थायिक झालो. जुनं राज्य पेन्शनवर कर मागेल का?

१९९६ च्या संघीय कायद्याने त्याला मनाई आहे. ४०१-के (नोकरीतली निवृत्ती-बचत योजना) मधून काढलेल्या रकमेलाही हेच लागू. मात्र जुन्या राज्यातल्या घराचं भाडं येत असेल, तर त्यावर तिथला कर द्यावा लागेल.