जमिनीखाली तेलाचे तळे असते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जमिनीखाली तेलाचे तळे असते का, ते डायनासोरपासून झाले का, आणि पंप लावून सगळे उपसता येते का. मी बडोद्याचा. खंबायतच्या खोऱ्यातल्या तेलविहिरींवर भूवैज्ञानिक होतो. दांडिया बाजारात आमच्या घरी येणारे पाहुणेही मला हेच विचारतात.

तळे नसते. तेल दगडात मुरलेले असते. माठ भरला की बाहेरून ओलसर होतो ना? त्याच्या मातीत असतात तशी बारीक छिद्रे वालुकाश्मातही असतात. विहिरीतून काढलेला तुकडा हातात घेतला तर साधा दगडच. वास आला की कळते.

डायनासोरचा इथे संबंध नाही. तेल होते ते मुख्यतः नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शैवाल आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, यांचे. ते मरून पाण्याच्या तळाशी बसले, तिथे ऑक्सिजन नसल्याने पुरते कुजले नाहीत, आणि चिखलासकट गाडले गेले. पुढचे काम आचेचे. खोल जावे तसा खडक दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापतो. त्या अवशेषांचा आधी केरोजेन नावाचा घट्ट पदार्थ होतो, आणि साधारण 60 ते 120 अंशांत त्यातून तेल सुटते. 150 च्या पुढे तेलाचेही रेणू तुटून बहुतेक वायूच उरतो. म्हणजे आच कमी पडली तर केरोजेन कच्चेच राहते, आणि हे शिजणे लाखो वर्षे चालते! इतकी वर्षे काम करूनही मला याचे नवल वाटते. (थोडा वायू उथळ चिखलात जिवाणूही करतात, तो वेगळा.)

सह्याद्रीचा जो काळा कातळ तुम्ही घाटात पाहता, तोच आमच्याकडे खोल गाळाखाली गेला आहे. त्यावर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या चिखलाचा शेल नावाचा पातळ थरांचा खडक झाला, आणि इथले तेल बहुतांशी त्यातलेच. तेल पाण्याहून हलके, म्हणून छिद्राछिद्रांतून वर सरकते. वाटेत घट्ट खडक आडवा आला तरच अडते. लोणच्याची बरणीही मातीचीच, पण झिरपत नाही; तसा तो खडक. 1960 साली नर्मदेपलीकडे अंकलेश्वरला तेल लागले ते अशाच झाकणाखाली.

आता उपसण्याचे. तेल वाळूच्या कणांना चिकटून बसते, म्हणून खाली पाणी सोडून ते ढकलावे लागते. तरीही निम्म्याहून अधिक बहुधा दगडातच राहते.