लहान वर्ग हेच भांडवल: ग्रामीण कॉलेजांतून आलेले प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न खेड्यापाड्यांतल्या लहान कॉलेजांमधून आले आहेत. बहुतेक पत्रांत "आमच्याकडे हे नाही, ते नाही" ही यादी आधी येते आणि प्रश्न शेवटी. यादी खरीच आहे, तिच्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण मोठ्या विद्यापीठाला पैसे ओतूनही जे मिळत नाही ते तुमच्याकडे आहे: समोर बसलेल्या प्रत्येकाचं नाव शिक्षकाला ठाऊक असतं. आजची माझी बरीच उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

प्रश्न: मी रसायनशास्त्र शिकवते. वर्गात चाळीस मुलं. "समजलं का?" विचारलं की सगळे "हो मॅडम" म्हणतात आणि चाचणीत कागद कोरे. माझं कुठे चुकतंय?

"समजलं का?" हे विचारणं आधी सोडून द्या. चाळीस जणांसमोर "नाही" म्हणायला धाडस लागतं. शिवाय मुलं खोटं बोलत नसतात. तुम्ही समजावून सांगता तेव्हा त्यांना खरोखरच कळल्यासारखं वाटतं. ऐकताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतः आठवून मांडणं वेगळं. वर्गात सराव पहिल्याचा होतो, परीक्षा दुसऱ्याची असते.

रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे फार स्वच्छ दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१.

म्हणून उद्यापासून तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद. मागच्या तासातल्या तीन गोष्टी प्रत्येकाने आठवून लिहायच्या आणि शेजाऱ्याशी ताडून बघायच्या. गुण द्यायचे नाहीत, कारण गुण आले की भीती येते आणि भीतीमागून नक्कल.

तासाच्या मध्यावर एक प्रश्न फळ्यावर लिहा. उदाहरणार्थ: उकळत्या पाण्यात वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं? हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, की पाण्याची वाफ? प्रत्येकाने आधी कागदावर उत्तर लिहायचं. मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा लिहायचं. बरीच मुलं "हायड्रोजन आणि ऑक्सिजन" म्हणतील. त्या क्षणी तुम्हाला कळेल की अवस्थेतला बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक अजून डोक्यात शिरलेला नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझर यांनी १९९१ पासून ही पद्धत रुजवली. तिला खडू आणि कागदापलीकडे काही लागत नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी शिक्षकांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं: शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारेही बोलू लागतात.

पोर्शनचं काय, हे तुम्ही विचारालच. मुलांना पुस्तकातून स्वतः वाचता येईल असा भाग वर्गात बोलून दाखवू नका, तेवढ्यात या सगळ्याला लागणारा वेळ निघतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या अध्यापनावरच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास होत होते. मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. सगळ्यात मोठा फायदा दिसला तो पन्नासपर्यंतच्या वर्गांत. तुमचे चाळीस त्यातच बसतात.

प्रश्न: मी असे प्रयोग सुरू केले, तर मुलं प्राचार्यांकडे गेली: "सर शिकवतच नाहीत." पुन्हा व्याख्यानाकडे वळू का?

वळू नका. हार्वर्डमध्येच २०१९ साली हे तपासलं गेलं. स्वतः धडपडून शिकलेल्या मुलांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना डोक्याला त्रास होत नाही, म्हणून शिकल्याचं समाधान वाटतं. सत्राच्या पहिल्या आठवड्यातच मुलांना हे सांगा, आणि प्राचार्यांनाही.

प्रश्न: मी प्राचार्य आहे. पहिल्या वर्षाची मुलं कधी गळाली हे आम्हाला परीक्षेचे अर्ज भरतानाच कळतं. काय करावं?

ती तेव्हा गळत नाहीत. बहुतेकांची सुरुवात पहिल्या पाच-सहा आठवड्यांत होते: आधी सोमवार चुकतो, मग प्रॅक्टिकल, मग मूल दिसेनासं होतं. हजेरीपट रोज भरला जातो, पण तो कुणी वाचत नाही. एका माणसाला ते काम द्या. सलग दोन तास चुकले की त्याच संध्याकाळी फोन जायला हवा. "गैरहजर का?" असं दरडावून विचारू नका. "आज दिसला नाहीस, सगळं ठीक ना?" एवढं पुरे. असा फोन मोठ्या विद्यापीठातून कधी येत नाही. तुमच्याकडून येऊ शकतो.

मग कारणं कळू लागतील आणि ती अभ्यासाबाहेरची निघतील. शेवटची बस साडेचारला सुटते आणि प्रॅक्टिकल पाचला संपतं. सुगीत घरी हात हवा असतो. पुस्तक घेतलेलंच नसतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांनी (तिथे दोन वर्षांची पदवी मिळते) २००७ साली 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रवासाचा पास, पुस्तकांसाठी मदत, शुल्कातली तूट भरून देणं आणि वारंवार भेटणारा सल्लागार, हे सगळं एकत्र दिलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेलं. ते शहर आहे आणि त्यांच्याकडे निधी होता, हे मान्य. पण प्रॅक्टिकलची वेळ बसच्या वेळेला जुळवायला निधी लागत नाही. माझ्या मते वेळापत्रक ठरवताना बसचं वेळापत्रक टेबलावर असलंच पाहिजे.

प्रश्न: थोडा निधी आलाय. स्मार्ट बोर्ड घ्यावा का?

आधी ग्रंथालयात क्रमिक पुस्तकांच्या जास्त प्रती घ्या आणि ते संध्याकाळी उघडं ठेवा. उरलं तर बोर्ड.

प्रश्न: घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. वर्गात सगळ्यांना येतं, मलाच गणित येत नाही असं वाटतं. सोडून द्यावं का?

नाही, सोडू नकोस. तुला वाटतंय तेच तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीलाही वाटत असणार. दोघी गप्प आहात म्हणून ते कळत नाही.

युरी ट्राइझमन या गणितज्ञांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात एक गोष्ट शोधली. कृष्णवर्णीय मुलं कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मागे पडत होती. तयारी कच्ची, जिद्द कमी, घरून पाठिंबा नाही, अशी कारणं प्राध्यापक सांगायचे. ट्राइझमन मुलांबरोबर राहून बघू लागले, तेव्हा ती कारणं टिकली नाहीत. ही मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चांगले गुण मिळवणारी चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत होती. मग त्यांनी गट जमवले आणि गटांना सोपी नाही, तर अवघड गणितं दिली. निकाल बदलले.

तू दोन मैत्रिणी गाठ. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. आधी प्रत्येकीने एकटीने गणित करून बघायचं, मग जिथे अडलं तेवढंच मांडायचं. आणि अडलेली पायरी घेऊन सरांकडे जा. "काहीच येत नाही" म्हणालीस तर त्यांना काय सांगावं सुचणार नाही. "इथपर्यंत आले, इथे अडले" म्हणालीस तर दहा मिनिटांत काम होईल.

प्रश्न: माझ्या विभागात मी एकटाच. तीन वर्षांचे सगळे पेपर माझ्याकडे. विषयावर बोलायलाही कुणी नाही. सुधारणा कधी करू?

सगळं एकदम करू नका. या सत्रात एकच पेपर घ्या आणि त्यात एकच बदल करा, तासाच्या सुरुवातीची ती पाच मिनिटं. कागद घरी नेऊन तपासायचे नाहीत. सात-आठ चाळले तरी कुठे गोंधळ आहे ते दिसतं.

सोबतीसाठी तुमच्याच विषयाचा माणूस हवा असं नाही. इतिहासाच्या मॅडमना महिन्यातून एकदा तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसवा आणि त्यांना एकच काम द्या: कोणकोण बोललं, कोण अजिबात बोललं नाही, याची नोंद. त्यांना तुमचा विषय येत नाही, म्हणूनच त्यांचं लक्ष मुलांकडे राहील. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या तासाला जाऊन बसा. ही नोंद फक्त तुम्हा दोघांतच राहू द्या, कार्यालयाच्या फायलीत जाऊ देऊ नका. नाहीतर कुणी मोकळेपणाने बसू देणार नाही.